डावा दिवा

पहिलं भोक पाडताना इस्माईल सोलकर थांबला.
ड्रिलचं टोक मडगार्डच्या पत्र्यावर टेकवलेलं.
"बाय, अजून विचार कर. अडीच महिन्यांची गाडी.
एकदा पाडलं की पाडलं."
मी म्हटलं, पाड.
पांढरा रंग खोबऱ्याच्या किसासारखा उडाला,
आत इंजिनाचा अंधार दिसला,
आणि पोटात काहीतरी हललं,
लेकीचे कान टोचताना हललं होतं तसं.

स्नॉर्केल बसला. स्प्रिंगा दोन इंच उंच,
दारांखाली लोखंडी पट्टे,
आणि टायर असे, की नाक्यावरच्या पंपावरचा पोरगा
हवा बघायच्या आधी ते थोपटून बघतो, बैल बघावा तसे.
बँकेतला भिकाजी विचारतो,
"मॅडम, नांगराला कधी जुंपताय?"

छतावर मात्र इस्माईल दिवे लावू देईना.
"वर काय बघायचंय? रस्ता खाली असतो."
मोडीत निघालेल्या ट्रॉलरचे दोन दिवे
त्याने बंपरवर बसवले, गुडघ्याइतक्या उंचीवर.
त्यातला डावा कितीही आवळा, मान खाली घालतो.
"पुढच्या खेपेला सरळ करतो."
तीन खेपा झाल्या.

देवळामागून पाणंद निघते.
ती एका बैलगाडीपुरती,
आणि माझी गाडी आता बैलगाडीहून चार बोटं जास्त.
आरसे मिटून घेतले.
शमिका पुढे उलटी चालत, माझ्याकडे तोंड करून,
दोन्ही हातांनी मला ओढत:
डावी, डावी, अजून थोडी...
आई, थांब म्हटलं ना!
चौदा वर्षांत तिचं इतकं मी कधी ऐकलेलं नाही.
पट्टा गडग्याच्या जांभ्याला घासला.
दाताखाली खडा आल्यासारखं झालं.
मग चढ.
सुटलेले दगड गडगडत मागे करवंदीत.
गाडी एकेक चाक विचारून टाकते,
म्हातारं माणूस विहिरीच्या पायऱ्या उतरतं तशी,
फक्त वरच्या दिशेला.

आणि एकदम चढायला काही उरत नाही.
सडा.
वाळलेलं गवत, काळा कातळ, एक गुरांचं डबकं आटलेलं.
खाली समुद्र आहे, पण आवाज इथवर पोचत नाही.
टायरमधली हवा अठरावर आणलेली,
रबर कातळावर भाकरीसारखं थापलं जातंय.
दिवस बुडला. मी बंपरचे दिवे लावले.

शमिकाने मूठ वर केली.
हात तसाच ठेवून म्हणाली,
"आई, हा नुसता दगड नाहीये."

उतरले.
डाव्या दिव्याचा उजेड कातळाला चिकटून सरपटत होता,
आणि त्याच्या वाटेत एक रेघ उभी राहिली होती,
सावलीने भरलेली, बोटभर खोल.
मग दुसरी, वळणारी. मग पंखाचा कोपरा.
शमिका कडेकडेने फिरून आली.
"पाकट," ती म्हणाली.
बाजारात कोळीण आधी शेपूट उडवते आणि मग तराजूत टाकते, तीच.
हिची शेपूट कुणी तोडली नव्हती.
लांब, सरळ,
आणि तिचं टोक माझ्या चाकाखाली.

दिवा बंद केला, गेली.
लावला, आली.
शमिकाने अकरा वेळा लावून-बंद करून पाहिला.
कुणी खोदली, कशाने, किती दिवस गुडघे टेकून,
मला माहीत नाही.
मला एवढंच माहीत आहे, की मागच्या रविवारी
भर दुपारी मी इथूनच गेले होते.
दोनदा.
व्हिडिओ आहे.

मागे घेताना ती पुन्हा पुढे उभी राहिली,
या वेळी तळवे माझ्याकडे करून, ढकलत.
हळू. हळू. अजून हळू.
रबराचा काळा डाग शेपटीवर राहिला.
ओढणीने पुसला, पाणी ओतलं, पुन्हा पुसला.
थोडा आहे अजून.

सोमवारी इस्माईल पाना घेऊन घरी आला.
"आण इकडे, डावा सरळ करून टाकतो."
मी बंपरवर, डाव्या बाजूला बसले होते.
चहा आला, त्याचा पिऊन झाला, पाना त्याने दोनदा खिशातून काढला.
मी उठले नाही.